आदर्शच्या नावाची हाक

मुलगा आदर्श चाकणला कंपनीत लागला आणि मुलगी दिशा लग्न होऊन पेणला रामवाडीत गेली. निडी गावच्या घरात आम्ही दोघंच उरलो. सुरुवातीला मी सवयीने पहाटे उठून नुसतीच बसायचे. डबा कोणाचा करायचा नव्हता, शिफ्ट कोणाची चुकणार नव्हती. एक दिवस घरधनी म्हणाले, "उठून बसलीसच हायस तर चल गो शेतावर. दव हाय तवर वाल उपटू. उन्हं आली का शेंगा फुटतील."

गेले. तेव्हापासून रोजच जाते. ऊन वर आलं की मी पुढे घरी येते, भाकऱ्या टाकते आणि मागच्या दारी उभी राहून त्यांना हाक मारते.

ही हाक आदर्शच्या नावाची. नवऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. नवी होते तेव्हा टाळ्या वाजवायचे. त्या ऐकून चार घरची माणसं बघायची. मग आदर्श जन्मला आणि मला हाक मिळाली. "आदर्शऽऽ" अशी लांबवून गेली की हे हातातलं काम टाकून बांधावरून निघायचे. मुलगा चाकणला गेला म्हणून काय नवऱ्याने उपाशी राहायचं? मी तीच हाक मारत राहिले.

शेजारच्या विमलबाईंची सून मृणाली यंदाच लग्न होऊन आली. ठाण्यात वाढलेली, मायाळू पोर. तिने ही हाक रोज ऐकली. मुलगा गावात नाही आणि काकी त्याला जेवायला बोलावतात, हे बघून तिचा जीव कळवळला. तिने विमलबाईंना विचारलं नाही, मला विचारलं नाही, नंबर शोधून थेट आदर्शला फोन केला.

रविवारी सकाळी आदर्शने दारापुढे वाल झोडायच्या खळ्यात गाडी आणून लावली. पाणीसुद्धा घेतलं नाही. माझ्यासमोर बसला, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाला, "आई, आज वार कोणता?"

"रविवार. म्हणून तर तू आलास. नायतर कधी येतोस?"

"मी कोण?"

"तूच विसरलास का काय?"

तो हसला नाही. "दोघांचे कपडे भर. चाकणला तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय. तुझ्या सुनेने उद्याची डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"कोणाला काय झालंय?"

"तू रोज माझ्या नावाने हाका मारतेस. मृणाली रडत सांगत होती."

मला हसू फुटलं. ते आवरेना, आणि माझं हसू बघून त्याचं तोंड आणखीच उतरलं. मग मात्र मी सावध झाले. पोरगा मनापासून आला होता. चार दिवस म्हणून मुलाकडे गेलेली आमच्या वयाची माणसं मी बघितली आहेत. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि गावाकडच्या घराला कुलूप राहतं. आमचा अर्धा वाल अजून शेतात उभा होता.

"अरे, ती हाक तुला नाय. बाबांना हाय."

"बाबांना? माझ्या नावाने?"

"मग काय त्यांच्या नावाने मारू?"

"म्हणजे लहानपणापासून... मला वाटायचं तू मला बोलवतेस, आणि बाबा आपले भूक लागली म्हणून येतात."

"तुला कशाला बोलवायला लागतंय? भाकरी तव्यात पडली का तू अंगणातून धावत यायचास."

तेवढ्यात मृणाली कुंपणापाशी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "काकी, मला वाटलं..."

"माया केलीस, चांगलं केलंस गो. पण आधी मला विचारायचंस. चाकणपेक्षा मी जवळ व्हते."

इतक्यात घरधनी डोक्यावर वालाचा भारा घेऊन आले. "कधी आलास रे?"

"तुम्हाला न्यायला आलोय, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आयशीला विचार."

"नाय येत," मी म्हणाले.

"अगं आई, तू बरी आहेस हे कळलं. पण तुम्ही दोघंच इथे दिवसभर करता काय?"

"सकाळी वाल काढतो, दुपारी झोडतो. मग बांधावर बसून च्या पितो. तुम्ही व्हतात तवा एकदा तरी आम्ही दोघं एका वेळी च्या प्यालो का, आठव."

त्याने आठवून बघितलं. त्याला आठवलं नाही, कारण तसं कधी झालंच नव्हतं.

"येऊ आम्ही," मी म्हणाले. "पाव्हणे म्हणून येऊ. दोन दिवस राहू आणि आपल्या घरी परत येऊ. तुझी खोली तू परत भर."

आदर्शने खिशातून फोन काढला. बायकोला, निशिगंधाला म्हणाला, "नाय गो, नाय येत ती. बरी हाय. डॉक्टरांना नको म्हणून सांग." चाकणला शिकलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

घरधनी अजून तसेच उभे. "झालं का बोलून? मग गाडी काढ खळ्यातून. भारा टाकू कुठं मी?"

आदर्श चावी शोधत धावला.