खवट रक्त

सुनेची पहिली चूक कोणती असं साखरबाईला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, जन्माला आली हीच. कळंबची योगिनी लासुर्ण्याला नांदायला आल्यापासून सासूच्या डोळ्यांत सलत होती. त्यात शाळेत रक्ततपासणीचं शिबिर लागलं, नावं चिकटवलेल्या नळ्या टेबलावर मांडल्या गेल्या, आणि पहिली हाक आली ती योगिनीची!

"सासूच्या आधी सून बसती व्हय गं? सरक तिकडं!"

साखरबाईनं तिला कोपरानं ढकललं आणि स्वतःच खुर्चीत बसून हात पुढं केला. सुई टोचणाऱ्या पोरीला काय ठाऊक योगिनी कोण? तिनं योगिनीच्या नावाच्या नळीत सासूचं रक्त भरलं. पुढची नळी साखरबाईच्या नावाची, तीत सुनेचं गेलं.

रिपोर्ट घेऊन शिबिराच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "योगिनी, कोलेस्टेरॉल ठीक आहे. पण रक्तातली चरबी जुन्या तेलासारखी खवट होतेय, त्याच्या खुणा फार दिसतात. नुसत्या एवढ्यावरून ठाम सांगता येत नाही, पण हृदयाला धोका असू शकतो. बारामतीला माझ्या दवाखान्यात ये."

साखरबाईचा रिपोर्ट चोख निघाला होता; तिला आयतं कोलीत मिळालं. "खवट रक्ताची भवानी!" आळीत एक दार सोडलं नाही तिनं. एमआयडीसीतनं दमून आलेल्या पोराला, सूरजला, चहाआधी हेच ऐकवायची, "हिला कळंबला सोडून ये. माझं रक्त बघ कसं चोख हाय!" एवढं बोलतानाही तिला धाप लागायची. डावा हात खांद्यापासून भरून यायचा. पण रिपोर्ट चांगला म्हटल्यावर कशाला कुणाला सांगायचं? चिमूटभर तंबाखूची मिश्री दातांना लावायची आणि पुन्हा सुनेच्या नावानं बोटं मोडायची.

बारामतीला तिघं गेली. सुनेची फजिती बघायची संधी साखरबाई थोडीच सोडणार!

"तंबाखू, मिश्री लावतेस?" डॉक्टरीणबाईंनी योगिनीला विचारलं.

"वासानंच मळमळतं मला."

"चढताना धाप लागते? डावा हात दुखतो?"

"न्हाय."

साखरबाईनं डावा दंड दाबून धरला. ती खुर्ची, तो धक्का, सगळं आठवलं तिला. ते रक्त आपलं! घाबरली, चांगलीच घाबरली. पण तोंड उघडलं तर आळीत काय तोंड दाखवायचं? आणि ही बया उरावर कायमची!

"खोटं बोलतीय!" ती ओरडली. "चोरून लावती मिश्री!"

योगिनीनं वळून बघितलं. सासूचा उजवा हात डावा दंड दाबत होता. योगिनीला शिबिरातली ती खुर्ची आठवली.

"बाई, त्या दिवशी माझ्या हाकेला ह्या बसल्या होत्या," ती म्हणाली. "ते रक्त माझं न्हाय, ह्यांचं हाय."

"जळो तुझं तोंड!"

"दोघींचंही पुन्हा घेऊ," डॉक्टरीणबाई उठल्या. "आजींचा ईसीजी आत्ताच काढू."

योगिनीनं खुर्ची सासूपुढं ओढली. डोळ्यांत दयामाया काही नव्हती.

"बसा आत्याबाई. सासूच्या आधी सून कशी बसंल?"

साखरबाईनं पोराकडं बघितलं. सूरज आईच्या काळ्या दातांकडं बघत होता. तिनं सुनेला एक कचकचीत शिवी हासडली, आणि खुर्चीत बसून डावा हात पुढं केला.