फीबा दुभाषी

जॉर्जियातला मळेवाला लॅनियर आमच्याकडं आला तेव्हा बायका मक्याची कणसं मोडत होत्या. भर दुपार होती. त्याच्यासोबत एक लेफ्टनंट आणि दहाबारा शिपाई होते.

आमचं गाव काळ्यांचं. मामांचं गाव तळ्यापलीकडं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. मामा म्हणजे नोकोस याहोला, त्या भागातल्या सेमिनोल लोकांचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, प्रमुख. त्यांच्यात आईचा भाऊ हाच घरातला मोठा, म्हणून सगळे त्यांना मामाच म्हणत. आम्हीसुद्धा. आमचे आईबाप जॉर्जियातल्या आणि कॅरोलिनातल्या मळ्यांवरून पळून फ्लोरिडात आले, तेव्हा याच लोकांनी त्यांना जागा दिली. सुगीला मक्यातला वाटा आम्ही मामांना द्यायचो. बाकी शेत आमचं, गुरं आमची, बंदुकाही आमच्या. गोऱ्यांच्या कागदावर मात्र आम्ही मामांचे गुलाम होतो, आणि ते आम्ही तसंच राहू दिलं होतं. ज्याला मालक आहे त्याला दुसरा कुणी सहज उचलून नेत नाही.

फीबा माझी बायको. इंग्रजी तिला आईकडून आली आणि मस्कोगी भाषा मामांच्या बहिणीच्या मांडीवर. जुना दुभाषी तापानं गेल्यावर मामांनी तिला बसवलं. बाई दुभाषी म्हणून काहींनी नाकं मुरडली, पण तिच्याइतकं सरळ बोलणं दुसऱ्या कुणाला जमेना. दुभाष्यानं बोलणाऱ्याचंच 'मी' म्हणायचं असतं. फीबा हात पाठीमागं बांधून उभी राहायची आणि गोरा बोलला की ती गोरा व्हायची, मामा बोलले की मामा. स्वतःचं एक अक्षर घालायची नाही.

मामांच्या मांडवात बैठक बसली. आंबिलीचं भांडं फिरलं. लॅनियरनं ते तोंडाला न लावताच पुढं सरकवलं, लेफ्टनंट मात्र दोन घोट प्यायला. हॅस्किन्स त्याचं नाव, लांब उत्तरेकडचा माणूस, उन्हानं नाक सोललेलं.

लॅनियर बोलू लागला आणि फीबा मस्कोगीत सांगू लागली.

"सरकार तुम्हाला मोठ्या नदीपलीकडं, पश्चिमेला पाठवणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते टळू शकतं. वर माझी माणसं आहेत. तुमचं गाव, तुमची गुरं, तुमच्या पूर्वजांच्या कबरी, सगळं इथंच राहील. मला फक्त तळ्यापलीकडचे काळे द्या."

मी खांबापाशी उभा होतो. माझा हात सुरीवर गेला, तेवढ्यात फीबानं माझ्याकडं पाहिलं आणि मी तो काढून घेतला.

लॅनियरनं तिच्याकडं बोट केलं. "आणि ही पहिली. हिची आई माझ्या काकाच्या भाताच्या मळ्यावरून पळाली, तेव्हा ही पोटात होती."

फीबानं श्वाससुद्धा अडखळू दिला नाही. "आणि ही पहिली," ती मस्कोगीत म्हणाली. "हिची आई माझ्या काकाच्या भाताच्या मळ्यावरून पळाली, तेव्हा ही पोटात होती. ही बाई माझी आहे."

शेवटचं वाक्य लॅनियरनं इंग्रजीत उच्चारलं होतं की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण अर्थ तोच होता.

लेफ्टनंट खाकरला. "हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, लॅनियर. मला हुकूम आहे तुम्हाला सांभाळायचा. तुमची माणसं पकडायला माझे शिपाई नाहीत."

"तुमच्याकडच्या गिरण्या कुणाच्या कापसावर चालतात हो?" लॅनियर म्हणाला. "अंगातला सदरा कुठून आला, ते तरी विचारा कुणाला."

"सदऱ्याचे पैसे मी दिलेत."

"आणि मी माझ्या माणसांचे. मग माझ्या मालावर तुमचे उत्तरेचे लोक का रडतात? हे असंच चाललं तर एक दिवस तुमची वाट वेगळी आणि आमची वेगळी."

"वेगळे व्हा ना. वाट कुणी अडवलीय?"

मामांनी विचारलं, "काय भांडतायत?"

फीबानं सगळं सांगितलं, सदऱ्यासकट. मांडवात हशा पिकला. लेफ्टनंट लाल झाला. "बाई, हे सांगायचं नव्हतं."

"आधी म्हणायचं होतंत," फीबा म्हणाली.

हसणं विरलं तसा मामांचा भाचा उठला. चितो त्याचं नाव. माझ्या वयाचा, माझ्याबरोबर गुरं राखलेला. तो माझ्याकडं न बघता बोलला. "मामा, रागावू नका. पण विचार तर करायला हवा. माझी आई इथं पुरलीय. पश्चिमेला थंडीत किती पोरं मरतील? हे लोक आपल्या रक्ताचे नाहीत."

मला राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता, हेही कळत होतं.

मामा फीबाकडं वळले. मग म्हणाले, "फीबा, आता तुझं बोल."

तिनं पाठीमागचे हात सोडले. आधी इंग्रजीत लॅनियरला म्हणाली, "मी येणार नाही. मेलेली नेता येईल. पण मग तुमचा भात कोण लावणार, ते ठरवून या." मग मस्कोगीत मामांकडं वळली. "मामा, गोऱ्यांनी तुम्हाला दोनदा जमीन कायमची दिली. दोन्ही वेळा ते शब्द माझ्याच तोंडून निघाले. पहिली कायमची जमीन कुठंय? आता तिथं त्यांचा ऊस उभा आहे. आम्हाला देऊन तुम्हाला तिसरा शब्द मिळेल, तोही मीच सांगायचा का? द्यायचंच असेल तर तुम्ही स्वतः तळ्यापलीकडं या आणि आमच्या हातातल्या बंदुका काढून घ्या. या लॅनियरला पाठवू नका. आणि चितो, तुझ्या आईला पुरताना खड्डा कुणी खणला होता रे?"

खड्डा मी खणला होता. चितो खाली बसला.

मामा म्हणाले, "सांग त्याला. जे माझं आहे ते मी देऊ शकतो. ही बाई माझी नाही. तळ्यापलीकडचं कुणीच माझं नाही. ते त्यांचे स्वतःचे आहेत."

त्या दिवशी पहिल्यांदाच फीबा थांबली. ती का थांबली, मला कळलं. हे वाक्य इंग्रजीत गेलं की कागदावरचा आमचा आडोसा गेला. मालकच नसेल तर जो धरील त्याचे आम्ही. मामांनाही ते ठाऊक होतं. "सांग," ते पुन्हा म्हणाले.

तिनं सांगितलं. मोठ्यानं, मागच्या शिपायांनाही ऐकू जाईल असं.

लॅनियर हसला. "ऐकलंत ना, लेफ्टनंट? ही बेवारशी आहे." त्यानं पुढं होऊन तिचा दंड धरला.

मी पोचायच्या आत तिनं आंबिलीचं भांडं उचलून त्याच्या तोंडावर उलटं केलं. आंबील थंड होती, इजा काही झाली नाही. पण मांडवातल्या सगळ्या बंदुका एकदम उभ्या राहिल्या, आणि तळ्याच्या बाजूनं आमची माणसंही आली. शिपाई लेफ्टनंटकडं बघू लागले.

"घोड्यावर बसा, लॅनियर," लेफ्टनंट म्हणाला. "तुम्हाला सांभाळायचं तर एवढंच जमेल."

जाताना लॅनियर ओरडला, जॉर्जियाची फौज घेऊन येतो. फीबानं त्याचंही भाषांतर केलं. कुणी मागितलं नव्हतं. सवय.

आम्ही वाट बघत बसलो नाही. उरलेली कणसं दोन दिवसांत मोडली, पोरं आणि बियाणं होड्यांत घातलं आणि दलदलीतल्या बेटांकडं निघालो. मामा बरोबर आले. त्यांच्यातली निम्मी घरं आली नाहीत, त्यांना पश्चिमेला जाणंच बरं वाटलं. आम्ही त्यांना बोल लावला नाही. चितो निरोपालासुद्धा आला नाही.

मागं वळून पाहिलं तेव्हा गावावर धूर होता. आमची घरं कोण जाळतंय, ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं.

बेटावर तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यातून गुरांचं हंबरणं ऐकू आलं. चितो छातीभर पाण्यात होता, डोक्यावर धाकटं पोर, मागं बायको आणि अकरा गायी. तो काठावर चढला, पोराला खाली ठेवलं आणि माझ्यासमोरून सरळ फीबाकडं गेला.

"कुठं राहायचं आम्ही?"

"त्या तिकडं. सुकी जागा तेवढीच आहे," ती म्हणाली. "गायी बांध आधी. पिकात शिरतील."

"पीक कुठंय इथं?"

"येईल."

त्यानंतर सात वर्षं लढाई चालली. मामा तिथंच तापानं गेले, चितो गोळीनं. शेवटी एका जनरलनं शब्द दिला, की हत्यारं खाली ठेवणाऱ्या काळ्यांनाही स्वतंत्र माणसं म्हणून पश्चिमेला जाऊ देऊ. त्याही बैठकीत फीबाच दुभाषी होती. तिनं ते वाक्य त्याच्याकडून सगळ्यांसमोर तीनदा म्हणवून घेतलं. जनरल वैतागला. "विश्वास नाही का तुझा?"

"नाही," ती म्हणाली, आणि हेही मस्कोगीत सांगून टाकलं.

तिचं खरं ठरलं. आम्ही पश्चिमेला गेलो, तर तिथंही आम्हाला धरून गुलाम करणारे आलेच. मग आम्ही आणखी दक्षिणेला, नदी ओलांडून मेक्सिकोत आलो. इथं कुणी कुणाचं नसतं, निदान कायद्यानं तरी. फीबानं म्हातारपणी स्पॅनिशही शिकून घेतली, आणि बाजारात कोंबडीवाल्याशी ती अशी भांडते की मला लांब उभं राहावं लागतं.