आईचा डावा, आत्याचा उजवा

बिट्टी नऊ वर्षांची होती, पण साधी वेणी घालून घेतानाही तिला धाप लागायची. नाकातली ऑक्सिजनची नळी आता रात्रंदिवस सुटत नव्हती.

सर्जनबाईंनी आईबाबांना समोर बसवून सांगितलं, "दोन्ही फुप्फुसं बदलावी लागतील. तिच्या मापाची म्हणजे दुसऱ्या एखाद्या मुलाची. ती क्वचित मिळतात, आणि मिळतात तेव्हा..."

बाबा शाळेची बस चालवायचे. त्या दिवसापासून बसमधून उतरणाऱ्या पोरांकडे बघताना त्यांना चोरट्यासारखं वाटायचं. आपण कुणाच्या पोराच्या वाईटावर टपलोय की काय!

महिने गेले. वारलेल्या मोठ्या माणसाचं फुप्फुसही छाटून बसवता येतं. पण तेही वेळेत मिळेना. शेवटी बाई म्हणाल्या, "आणखी एक मार्ग आहे. दोन धडधाकट माणसांनी आपल्या फुप्फुसाचा खालचा एकेक भाग द्यायचा."

"माझा घ्या," बाबा लगेच म्हणाले.

तपासणीत आईचं जुळलं. बाबांचा रक्तगट आडवा आला. बाहेरच्या बाकावर ते बसले, ते उठेचनात.

राहिली आत्या. पण ती पोहायला शिकवायची. छातीतल्या दमावर तिचं पोट. तिच्याकडे विषय काढायचा कुठल्या तोंडानं? बाबा तिच्या घरी गेले, हवापाण्याचं बोलले, चहा प्यायले आणि उठले.

"दादा, बस खाली," आत्या म्हणाली. "वहिनीनं सगळं सांगितलंय मला. मी तपासून पण आले. जुळतंय."

"अगं, पण तुझं पोहणं?"

"दम थोडा कमी पडेल म्हणतात. पडू दे. काठावर उभं राहून पोरांना ओरडायला कितीसा लागतो?"

बाबा हसायला गेले आणि हुंदकाच फुटला.

ऑपरेशनच्या दिवशी बायको, बहीण आणि लेक तीन दारांआड गेल्या. कुठल्या दाराकडे बघावं हे बाबांना कळेना. दुपारी निरोप आला, आत्या ठीक आहे. मग आईही. तिसरं दार काही उघडेना. जीव नुसता टांगणीला लागला होता.

अंधारून आल्यावर सर्जनबाई बाहेर आल्या. डोळे थकलेले, पण चेहरा खुललेला.

"आईचा डावा, आत्याचा उजवा. दोन्ही भाग कामाला लागलेत. ओठ गुलाबी झालेत तिचे."

पुढचे दिवस सोपे नव्हते. एकदा ताप चढला, मग उतरलाही. औषधं तर जन्मभराची. पण एका सकाळी नळी निघाली आणि बिट्टी पलंगावर मांडी घालून नर्सताईच्या घोरण्याची गोष्ट सांगायला लागली. सांगतच सुटली.

"थांब, जरा श्वास घे," बाबा सवयीनं म्हणाले.

"घेतेय की!" बिट्टी म्हणाली, "मध्ये बोलू नका ना."

बाबा ऐकत राहिले.