चार परीक्षकांना फसवणारी मी

मी एक जुनी संख्या आहे, ३२१५०३१७५१. मोठ्याने वाचायचे तर तीन अब्ज एकवीस कोटी पन्नास लाख एकतीस हजार सातशे एक्कावन्न. मित्रांनो, मला कोणी घडवले नाही. मोजायला माणूस नव्हता तेव्हाही मी माझ्या जागी होतेच.

दिसायला मी थेट मूळ संख्या. एखादी संख्या मूळ आहे का, हे भागाकार न करता पाहायची एक चाचणी असते. तिला परीक्षक म्हणून दोन, तीन, पाच आणि सात यांना बसवतात. हे चौघेही मला मूळ ठरवतात, आणि मी मूळ नाहीच! पंचवीस अब्जांच्या आत या चौघांना एकदम फसवणारी मी एकटीच. याचा मला फार तोरा होता.

चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्यातल्या अनिमेष सरांनी मला कामाला लावले. त्यांच्या गणिताच्या क्लासात दरवर्षी नव्या मुलाला मीच दिली जाते. मूळ आहे की नाही ते बरोबर सांगा आणि स्पर्धेच्या तुकडीत बसा. मूल फसते, वर्ग हसतो आणि सर माझे कौतुक करतात.

गेल्या वर्षी जबलपूरहून ओजस्विनी आली. वडिलांची, शंकररावांची, दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे ती सगळीकडे नवीच. तुकडीत जागा मिळाली तर चार मैत्रिणी तरी होतील, एवढीच बिचारीची आस. ती एकेका मूळ संख्येने मला भागत सुटली. एकशे एकोणपन्नासपर्यंत आली तेव्हा माझे धाबे दणाणले. पुढची एकशे एक्कावन्न, आणि तिने मला पूर्ण भाग जातो. तेवढ्यात सरांनी वही पाहिली.

"बेटा, ये बच्चों वाला काम छोड़ो. टेस्ट लगाओ, चार काफी हैं."

एकच भागाकार राहिला होता, मित्रांनो! तिने वही मिटली.

घरी शंकररावांनी विचारले, "अगं, नक्की ना?"

"पक्का, बाबा. चारों टेस्ट पास."

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला फळ्यावर 'मूळ' लिहून खाली सही करायला लावली. मग शांतपणे शेजारी लिहिले: १५१ × ७५१ × २८३५१. वर्ग खो खो हसला. जागा गेली ती गेलीच, वर सगळे तिला 'चार टेस्ट' म्हणू लागले. वर्षभर ती मागच्या बाकावर एकटी बसली.

यंदा कांचन आली. तीही भागाकार करत एकशे सदतीसपर्यंत पोचली होती. ओजस्विनी तिच्या वहीवर वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "छोड़ ना यार, चार टेस्ट लगा ले."

कांचन फळ्यापाशी रडत उभी होती तेव्हा सगळ्यांत मोठ्याने ओजस्विनी हसली. त्याच दिवशी पुढच्या बाकावरच्या मुलींनी सरकून तिला जागा दिली.

मित्रांनो, माझा तोरा तिथेच उतरला. मला जपू नका, मोडून टाका. माझे तिन्ही अवयव नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. ओजस्विनीला ते तोंडपाठ होते. तिने सांगितले नाहीत.