चार गटांचा एक ढीग

त्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती आणि माझ्या गुडघ्यांत वाकायला जीव नव्हता. मी शाळेत शिवण शिकवते. मुलं मला शिवणबाई म्हणतात, बरोबरीचे शिक्षकही तेच म्हणतात; खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलंय. कापडाशी दूरचं नातं असलेलं कुठलंही काम आलं की ते माझ्याच गळ्यात पडणार, हे ठरलेलं. नाटकाचे पडदे शिवा, बॅडमिंटनची जाळी सांधा, मोठ्या सरांच्या कोटाचं बटण लावा. त्यामुळे परदेशात एक मोठा भूकंप झाला आणि शाळेनं तिकडच्या लोकांसाठी कपडे-पांघरुणं गोळा करायचं ठरवलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांनी, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कळलं, कळलं."

भूकंप आमच्यापासून खूप लांब झाला होता, पण एका बाजूनं तो थेट आमच्या सहावीच्या वर्गात येऊन बसला होता. त्या देशातली एक मुलगी आमच्याकडे शिकत होती. शाळेमागच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायला तिचा बाप आला, येताना हिला घेऊन आला. आई मागे राहिली, कारण तिकडे म्हातारी आजी अंथरुणाला खिळलेली. वर्षभरात पोरगी आपली भाषा इतकी सफाईनं बोलायला लागली की भांडणातसुद्धा अडत नसे. तरी पोरांनी तिचं नाव ठेवलं ते ठेवलंच, पाहुणी.

भूकंप झाल्यापासून पाहुणीच्या आईचा फोन लागत नव्हता. मधल्या सुट्टीत वेल्डर फाटकापाशी यायचा, डोळे लाल, हातात ते काळं मुखवट्यासारखं झाकण. मुलगी पळत जायची. तो मान हलवायचा, नाही. मग ती परत यायची आणि बाकावर बसून डबा उघडून तसाच बंद करायची. हे मी रोज शिवणखोलीच्या खिडकीतून बघत होते. पण करणार काय?

मग करण्यासारखं एक निघालं. मदत पाठवणाऱ्या संस्थेतल्या एक बाई शाळेत आल्या. केस विस्कटलेले, आवाज बसलेला. कित्येक दिवस झोपलेल्या नव्हत्या, हे सांगायला नको होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "शुक्रवारी दुपारी आमचा ट्रक सरहद्दीकडे निघतोय. तुमचा माल तयार असेल तर घेऊ. फक्त पांघरुणं आणि गरम कपडे, धुतलेले, मापानुसार गठ्ठे बांधलेले. कचरा असेल तर हात लावणार नाही. आणि प्रत्येक मालाबरोबर तिकडची भाषा येणारा एक माणूस नेता येतो. आहे का कोणी?"

मी म्हटलं, "आहे. आमच्या मागच्या गल्लीत आहे."

वेल्डरला कळवलं तेव्हा तो भिंतीला टेकून खालीच बसला. विमानाचा रस्ता बंद, बस बंद, सरहद्दीवर मदतीच्या गाड्यांशिवाय कोणाला सोडत नव्हते. आमचा माल गेला तरच तो जाणार, तो गेला तरच बायकोला शोधणार. इतकं साधं होतं ते. ट्रक चुकला तर पुढचा महिनाभरानं, आणि महिनाभरात काय उरतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आता आमच्या शाळेची खोड सांगते. आमच्याकडे चार गट आहेत, लाल, निळा, हिरवा, पिवळा. आमच्याकडे काहीही चार गटांच्या स्पर्धेशिवाय होत नाही. झाडं लावायची तर स्पर्धा, शांत बसायचं तरी स्पर्धा. तेव्हा मोठ्या सरांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं, प्रत्येक वस्तूला एक गुण, जिंकणाऱ्या गटाला ढाल. मी खालून म्हटलं, "सर, वस्तूला नको हो, पांघरुणाला द्या." सर म्हणाले, "बाई, मुलांचा उत्साह मारू नका."

उत्साहाचं काय सांगू! मुलांपेक्षा आईबापांनाच जास्त चेव चढला. मोजे आले ते सुटे, कारण दोन मोज्यांचे दोन गुण. एका आईनं चादर फाडून तिचे रुमाल केले, कडेला शिवणसुद्धा घातली होती, आणि शिवण चांगली होती हे जास्त लागलं मला. टाय आले, पोहण्याचे कपडे आले, एक बाही नसलेला कोट आला. सभागृहाच्या चार कोपऱ्यांत दोऱ्या बांधून चार ढीग केलेले, आणि प्रत्येक ढिगापाशी त्या गटाचा पहारेकरी. मी एक फाटका बनियन उचलून बाहेर टाकायला गेले तर हिरव्या गटाचा पहारेकरी ओरडला, "बाई, आमचा गुण जाईल!" काढायला गेलं की गुण कमी होणार, म्हणून काही काढता येईना. लाल ढिगातली चांगली लोकरीची टोपी आणि पिवळ्या ढिगातली तिच्या जोडीची दुसरी टोपी, पण एकत्र बांधायची सोय नाही. माझ्या नाकी नऊ आले.

आणि रोज सकाळी गुण कोण जाहीर करणार? पाहुणी. सरांना वाटलं, किती छान कल्पना. ती पोर व्यासपीठावर उभी राहून कागद वाचायची, लाल गट इतके, निळा गट इतके, आणि टाळ्या पडायच्या. जिची आई सापडत नाही तिला तुम्ही टाळ्या कसल्या वाजवता रे? हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायला हवं होतं, पण तोपर्यंत मी इतकी शिणलेली होते की राग यायलाही ताकद उरली नव्हती.

राग आला तो गुरुवारी. मधली सुट्टी संपत आली होती. मी सभागृहात उभी होते आणि बांधून झालेले गठ्ठे बोटांवर मोजता येतील एवढेच होते. एवढ्यात पाहुणी दारात आली.

"बाई, ट्रक उद्या ना?"

"उद्या."

"मग हे सगळं बांधून होईल ना?"

तिनं चारी ढिगांकडे पाहिलं. लहान मुलांना खोटं बोलून फसवता येतं असं लोकांना वाटतं. मी म्हटलं, "तू वर्गात जा. मी बघते."

ती गेली आणि मी शिवणाच्या मोठ्या कात्रीनं लाल कोपऱ्याची दोरी कापली. मग निळ्याची. पहारेकरी किंचाळला. आठवीच्या शिवणवर्गाच्या मुली मागच्या खोलीत होत्या, त्यांना हाक मारली, "या गं सगळ्या! हा ढीग त्या ढिगावर लोटा. विचारू नका, लोटा." मुलींना असलं काही सांगायचीच खोटी होती. हां हां म्हणता लाल निळ्यात गेला, हिरवा पिवळ्यावर कोसळला, आणि सभागृहाच्या मधोमध एकच डोंगर झाला. कोणाचं काय, त्या ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

पहिले धावत आले ते खेळाचे सर. त्यांच्या गळ्यात शिट्टी कायम, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात. लाल गट त्यांचा, आणि लाल गट सगळ्यांच्या पुढे होता. त्यांनी आधी शिट्टीच वाजवली, इतक्या जोरात की माझ्या कानठळ्या बसल्या.

"वाजवा," मी म्हटलं. "अजून वाजवा. ढीग उठून आपापल्या जागी जाईल."

"बाई, तुम्हाला वेड लागलंय का? आमची पोरं राबलीत!"

"राबलीत ना? मग तुम्हीही राबा. उद्या दुपारी ट्रक जाणार. तो रिकामा गेला तर त्या पोरीचा बाप इथेच राहणार. त्याला तुम्ही सांगा जाऊन की लाल गट जिंकला."

तोवर मोठे सर पोचले. ढिगाकडे बघत राहिले. "अहो, पण आता कोणाचे गुण किती हे कळणार कसं?"

"कळणारच नाही, सर. म्हणून तर केलं."

नोकरी जाईल असं वाटलं, आणि खरं सांगते, गेली तर निदान झोपता तरी येईल असंही वाटलं. सर ढिगाला वळसा घालून ऑफिसकडे गेले. शिट्टीसर मात्र माझ्याकडे रागानं बघत जमिनीवर बसले, समोरचा मोजा उचलला, त्याचा जोडीदार शोधायला लागले. तो सापडला तेव्हा त्यांनी त्या दोघांची गाठ मारली आणि तिसरा उचलला. तोंडानं पुटपुटत होते, माझ्याविषयीच असणार. पण संध्याकाळपर्यंत ते उठले नाहीत.

मग वर्ग सुटले तसे सगळे येत गेले. फाटकं बाहेर, पातळ बाहेर, टाय बाहेर. रुमाल करणारी ती आई स्वतः आली आणि मान खाली घालून तिनं घरची दोन जाड ब्लँकेटं ठेवली. सगळेच थकलेले. सकाळी परत येऊन गठ्ठे बांधले, त्यावर मापं लिहिली. एवढ्या मोठ्या डोंगरातून जे निघालं ते फार नव्हतं. संस्थेच्या बाईंनी एकेक गठ्ठा दाबून पाहिला, म्हणाल्या, "थोडंय, पण चांगलंय. चढवा."

वेल्डर आला तो खांद्यावर पिशवी घेऊन, आणि दुसऱ्या हातानं पाहुणीचा हात धरून. ट्रकवाल्यानं दार उघडलं तरी तो हात सुटेना. तेव्हा आमच्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. टोप्या, स्वेटर, पांघरुणं, सगळ्यांची व्यवस्था लावली होती आम्ही. पोरगी कुठे राहणार हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. इथे तिचं दुसरं कोणी नव्हतं. बाप तिच्याकडे बघत होता, मग ट्रककडे, मग परत तिच्याकडे.

मोठ्या सरांनी घसा खाकरला. शिट्टीसरांच्या घरी तान्हं मूल. मला दिसत होतं कोण काय हिशेब करतंय ते. आणि मला, देवा शप्पथ, घरी जाऊन दार लावून अंग टाकायचं होतं, दुसरं काही नको होतं.

"माझ्याकडे राहील," मी म्हटलं. "जा हो तुम्ही. जा आता, ट्रक थांबायचा नाही."

त्यानं माझे दोन्ही हात धरले, त्याचे तळवे भाजून कडक झालेले. मग चढला.

घरी आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, ही आपल्याकडे राहणार आहे."

"अगं, विचारायची काही पद्धत?"

"विचारलं नाहीये. सांगितलंय."

ह्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. पण दोन दिवसांत पाहुणीला पत्त्यांचे डाव शिकवत होते, आणि ती जिंकली की "लबाड आहेस" म्हणून खोट्या तक्रारी करत होते. ती रात्री माझ्या शेजारी झोपायची, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून. कूस बदलायची पंचाईत व्हायची माझी. तरी मी ते सोडवून घेतलं नाही.

वेल्डर संध्याकाळी फोन करायचा, आवाज कधी यायचा, कधी फाटायचा. आधी मुलीला मागायचा. ते दोघं त्यांच्या भाषेत बोलायचे, मी स्वयंपाकघरात भांडी घासत तिच्या आवाजाचा चढउतार ऐकायची. मग ती मला सांगायची, आज अमक्या छावणीत बघितलं, आज दवाखान्यात याद्या बघितल्या, आज आजीचं घर दिसलं, म्हणजे जागा दिसली. शेवटी फोन माझ्याकडे यायचा आणि वेल्डर त्याच्या मोडक्यातोडक्या बोलीत विचारायचा, "बाई, जेवते ना ती?" मी म्हणायची, "जेवते. तुम्ही जेवा." रोज तेच.

त्या दिवशी फोन मीच उचलला. ह्यांचा आणि तिचा डाव रंगात आला होता. मी सवयीनं म्हटलं, "थांबा हं, देते तिला."

"नको," तो म्हणाला. "तुम्ही. बाई, तुम्ही बोला."

त्याच्या मागे कुठेतरी यंत्र चालत होतं. मी फोन घेऊन गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं. त्यानं बायकोचं जे सांगितलं ते चार शब्दांत होतं, कारण त्याला आपल्या भाषेतले तेवढेच शब्द त्यासाठी येत होते. मग म्हणाला, मी निघतो, पण पोचायला वेळ लागेल, तोवर तिला सांगू की नको ते तुम्ही बघा. माझ्याच्यानं फोनवर होणार नाही.

मी गॅलरीत उभी राहिले. त्या क्षणी मला त्याचा, त्या ट्रकचा, माझ्या स्वतःच्या कात्रीचा, सगळ्याचा संताप आला. कशासाठी एवढी धावाधाव केली? हेच ऐकायला? मग वाटलं, निदान पोरीच्या आईचा देह कोणाच्या तरी हाताला लागला, निदान तिच्या माणसानं तिला ओळखलं. पण त्यानं काही बरं वाटेना. मी डोळे पुसले, तोंडावर पाणी मारलं, चेहरा रोजच्यासारखा केला. ठरवलं, बाप येईपर्यंत सांगायचं नाही. आज तर नाहीच.

आत आले. ह्यांनी पत्ता टाकला होता, तिची पाळी होती. ती पत्ते हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"कोणाचा फोन गं?" ह्यांनी विचारलं.

"शाळेतून. उद्याचं काहीतरी."

पाहुणीनं पत्ते खाली ठेवले. नीट, एकावर एक.

"बाबांचा होता," ती म्हणाली. "बाबा रोज आधी मला मागतात."

मला खोटं सुचलं नाही. सुचलं असतं तरी जीभ वळली नसती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे कटकन वाजले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्या बापानं मला जे चार शब्द दिले होते, ते तसेच तिला दिले.