क्लंकच्या रकान्यातलं खुटुक

आमच्या दाजींचे कान असे, की चौथ्या मजल्यावर मुंगीचा पाय घसरला तर तळघरातून सांगायचे, मागचा डावा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीत हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच ते खरं वाटतं. मुंगी सोडली तर बाकी सगळं खरंच होतं. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता त्यांचा. त्याचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. "घुर्र आहे. बेअरिंगला ग्रीस नाही." "किर्र आहे. दोर सुकला." उघडून बघावं तर तसंच. रस्त्यात हाक मारली तर मात्र वळून बघायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, मोठा माणूस, तंद्रीत असतो. माझी ताई म्हणायची, नवरा शांत मिळाला, उलटून बोलत नाही.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर मोबाइलवरचा फॉर्म आला. त्यात एक रकाना, आवाजाचा प्रकार. सहा इंग्रजी शब्द दिलेले: क्लिक, क्लंक, क्लँग, हिस, स्क्वीक, थड. एकावर बोट ठेवायचं, की कंपनी त्या आवाजाचा ठरलेला भाग पाठवणार. क्लंक म्हटलं की ब्रेक. हिस म्हटलं की तेलाची सील. डोकं लावायचं कामच नाही.

त्याच आठवड्यात एका आठ मजली इमारतीत, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, दाजींना गिअरच्या डब्यात एक आवाज सापडला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, हलकेच. खुटुक.

"गिअरचा एक दात तडकलाय," ते साहेबांना म्हणाले. "आज ना उद्या माणसं दोन मजल्यांच्या मध्ये लटकणार."

"काका, यादीत खुटुक नाही."

"यादीत नसेल. मशीनमध्ये आहे."

साहेब हसले. वाईट नव्हते ते. वयाने आमच्या भाचीएवढे, हातात फॉर्म घेऊनच जन्माला आलेले. पण पुढच्या सोमवार-मंगळवारी त्यांनी परीक्षा ठेवली. हेडफोनमध्ये आवाज वाजणार, आपण शब्द सांगायचा. नापास होईल त्याने यापुढे मशीनला हात लावायचा नाही. दाजींना उभ्या आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं. चहा करायला ठेवला तर भांडं जळायचं.

भाची एका ऑफिसात दिवसभर फोनवर इंग्रजी बोलते. तिने रविवारी स्वयंपाकघरात बापाची शाळा भरवली. लोखंडी तवा घेतला आणि त्यावर जुनी इस्त्री दाणकन ठेवली.

"हा क्लंक. जड लोखंडावर जड लोखंड बसलं की येतो तो. बोजड, लगेच विझणारा. घुमला तर क्लँग. चमचा काचेच्या पेल्याला लागला तर तिसराच, क्लिंक. इंग्रजीत म्हणतात, गाडीचं दार क्लंक करून बंद झालं. आणि एखाद्याचं बोलणं फार अवजड असलं तर त्यालाही क्लंकी म्हणतात."

"म्हणजे तुझ्या बापाचं लग्नातलं भाषण," मी म्हणालो.

"मामा, तू गप्प बस."

दाजी दरवेळी स्क्रूड्रायव्हर तव्याला लावून ऐकत होते आणि अचूक सांगत होते. पेल्याला, पिपाला, बिजागरीला, कशालाही लावून. भाची खूश झाली. मग म्हणाली, "आता ते खाली ठेवा, बाबा. परीक्षेत नसेल. खिडकीकडे तोंड करा आणि नुसतं ऐका."

दाजी खिडकीकडे वळले. तिने इस्त्री या वेळी चांगली खांद्याच्या उंचीवरून सोडली. ओट्यावरच्या कपबशा उडाल्या, शेजारीण दारात येऊन विचारून गेली, कुणी पडलं का. दाजी खिडकीबाहेर बघत उभे होते.

थोड्या वेळाने म्हणाले, "टाक ना."

भाची पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "किती वर्षं झाली, बाबा?"

"सहा. सात असतील." ते तिच्या ओठांकडे बघत होते. "हाडाला येतं ऐकू. कानाला नाही."

ताई दाराला टेकली. "म्हणजे सात वर्षं मी भांडत होते ते?"

"तोंडावरून कळायचं."

भाची म्हणाली, साहेबांना सांगून टाका, स्क्रूड्रायव्हर लावून परीक्षा घ्या म्हणावं. दाजींनी मान हलवली. "बहिरा म्हटल्यावर मशीनजवळ कोण उभं करील मला? शिडीवर तरी चढू देतील का?"

तेव्हा माझ्यातला शहाणा जागा झाला. माझी परीक्षा सोमवारी, त्यांची मंगळवारी. मी वीसच्या वीस आवाज क्रमाने पाठ करून आणतो, म्हटलं. आणलेही. दाजींनी ते एका संध्याकाळीत पाढ्यासारखे घोकले. क्लंक, हिस, थड, क्लंक, स्क्वीक. ताई उलटतपासणी घेत होती. एक चूक नाही.

मंगळवारी मी काचेच्या दाराबाहेर बसलो होतो. साहेबांनी दाजींच्या कानांवर हेडफोन चढवले आणि लॅपटॉपवर बोटं चालवली. दाजींची नजर त्या बोटांवर.

"क्लंक," दाजी खणखणीत म्हणाले.

साहेबांनी वर बघितलं.

"हिस. थड. क्लंक."

सगळं बरोबर. फक्त हेडफोनच्या वायरचं टोक साहेबांच्या हातात होतं. ते अजून ती कुठे खुपसायची ते शोधत होते.

साहेबांनी ते टोक खाली ठेवलं. मग त्यांनी समोरचा कागद उचलून तोंडापुढे धरला आणि कागदाआडून विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू येतं ना?"

दाजी म्हणाले, "स्क्वीक."

त्याच दुपारी दाजी घरी बसले. स्क्रूड्रायव्हर त्यांचा स्वतःचा होता, तो फ्रिजशेजारी खिळ्याला टांगला. आठ मजली इमारत माझ्याकडे आली. मी माझ्या स्क्रूड्रायव्हरची मूठ हाडाला लावली. मला आधी माझीच नाडी ऐकू आली. मग तिच्या खालून, दर फेऱ्याला एकदा, खुटुक. फॉर्मवर त्याला जागा नव्हती. जवळचा म्हणून क्लंकवर बोट ठेवलं. ब्रेक आला, मी बसवला. खुटुक तसंच. साहेबांना फोन केला.

"क्लंक येतोय का अजून?"

"क्लंक नव्हताच तो, साहेब."

"मग तक्रार बंद करा."

रविवारी ताईकडे गेलो. दाजी वाटच बघत होते. बसू दिलं नाही. "आठ मजलीचं काय? खुटुक आहे का अजून?"

आयुष्यभर मी गंमत म्हणून खोटं बोललो, त्या दिवशी दया म्हणून बोललो. माणूस घरी बसलाय, त्याच्या डोक्याला कशाला घोर, असा विचार केला. तोंड नीट उघडून, सावकाश म्हणालो, "नाही. ब्रेक बदलला, आवाज गेला."

"ब्रेकच होता?"

"ब्रेकच."

"मला दात वाटला." ते उठले. स्क्रूड्रायव्हर काढून फ्रिजला लावला, मूठ हाडाला. डोळे मिटले. मग म्हणाले, "म्हणजे आता हाडसुद्धा चुकीचं सांगायला लागलं. कधीपासून चुकत होतो कोण जाणे. किती बेअरिंगं उगाच फेकली असतील."

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. कान गेले होते, नोकरी गेली होती, तरी आपण ऐकलं ते खरं होतं एवढं त्यांच्याजवळ उरलं होतं. तेही मी काढून घेतलं. मी हात जोडले. "दाजी, थाप मारली मी. खुटुक आहे. माझ्या हाडाने ऐकलंय." समजलं नसेल म्हणून कागदावर लिहून दिलं, खाली ताईची शपथ घातली.

त्यांनी कागद वाचला आणि पाठीवर थाप मारली. "मन राखायला बोलतोस. मुंगीच्या मागच्या डाव्या पायाची आण घेणारा तू." स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "ने. तुला उपयोगी पडेल. मला आता कशाला?"

ताईने माझ्याकडे बघितलं. तिलाही मी खरं बोलतोय असं वाटलं नाही.

दर आठवड्याला जातो मी त्या आठ मजलीच्या गच्चीवर. टोक डब्यावर, मूठ हाडाला. खुटुक. फॉर्ममध्ये आवाज नाही असं लिहायचीही सोय आहे, पण मी क्लंकवर बोट ठेवतो. नवा ब्रेक येतो, बसवतो, आणि आठही मजले जिन्याने उतरतो.