पिशवीतली फरशी

मी एक फरशी. पायाखालची नव्हे, पिशवीतली. दुकानात गिऱ्हाईक घोटाळलं, की "घरी नेऊन बघा हवं तर" असं म्हणत जी त्याच्या हातात देतात ना, ती नमुन्याची फरशी मी. माझ्याबरोबर भट्टीतून निघालेल्या बहिणी कुठेकुठे घरांत जाऊन बसल्या. त्यांच्यावर पोरं रांगली असतील, दूध सांडलं असेल, कुणी नाचलंही असेल. मी मात्र जायचे आणि परत यायचे.

रंग म्हणाल तर सायीचा. भट्टीतलं मला फारसं आठवत नाही. आपण सावकाश कडक होत चाललोय आणि आसपास कुणीतरी गुणगुणतंय, एवढंच वाटत होतं. थंड झाल्यावर एका बाईने मला उजेडात धरून टिचकी मारली आणि आवाज ऐकून ती हसली. "हिला नमुन्याला ठेवा," म्हणाली. केवढा मान, असं वाटून मी फुलून गेले होते. तो मान म्हणजे जन्मभराची पिशवी, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

माणसं फरशी कशी निवडतात ते मला विचारा. आधी मला जमिनीवर ठेवतात, मागे सरतात आणि एक डोळा मिटतात. मग ओट्याच्या दगडाला लावून बघतात, कपाटाच्या दाराला लावून बघतात, शेवटी नवऱ्याला हाक मारतात. नवरा दारातूनच "छान आहे" म्हणतो आणि सटकतो. "बघितलंस तरी का?" इथून पुढे जे सुरू होतं त्यात माझा काही दोष नसतो. सगळ्यांचा ध्यास मात्र एकच, जुळलं पाहिजे. मलाही तेच वाटायचं. एक दिवस मी कुठेतरी अशी जुळेन, की मला परत न्यायचं कुणाच्या मनातच येणार नाही.

ओडेतेने मला नेलं तेव्हा वसंत नुकताच लागला होता. ती राहायची लिस्बनला, पण फरशी हवी होती आईच्या घरासाठी, इकडे पोर्तुगालच्या दक्षिणेला, आलेंतेजूतल्या गावात. गाडीच्या मागच्या सीटवर मी टॉवेलात गुंडाळलेली होते. खिडकीतून ऊन येत होतं, जात होतं, मला गुंगी आली होती. जाग आली ती थेट तिच्या आईच्या, एर्मीनियाच्या स्वयंपाकघरात.

काय सांगू त्या खोलीबद्दल! मोठी चूल, वर धुराडं, संगमरवरी ओटा, ओडेतेने हौसेने बसवून दिलेली सायीच्या रंगाची कपाटं. दार अंगणात उघडायचं आणि दुपारी तिथून ऊन आत येऊन पसरायचं. जमिनीच्या जुन्या विटा मात्र ओलीने उचकटल्या होत्या. कार्निव्हलच्या आधी एर्मीनिया अंगणाच्या पायरीवर पडली होती, मनगट सुजलं होतं. तेव्हाच लेकीने ठणकावलं होतं, "आई, एक तर ही जमीन नीट होईल, नाहीतर तू माझ्याकडे येशील. पुन्हा पडलीस तर मी न विचारता उचलून नेईन."

ओडेतेने मला ओट्याला लावलं, कपाटाला लावलं आणि टाळीच वाजवली. "बघ आई, सगळं एकात एक! कसं प्रसन्न वाटेल."

"हो ग, छान आहे," एर्मीनिया म्हणाली. ती बघत होती खिडकीकडे.

"इथे चुलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवते. सकाळी बघ, संध्याकाळी बघ. शनिवारी आले की ऑर्डर देऊन टाकू."

ओडेते गेली. एर्मीनिया माझ्याजवळ आली, चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्याने मला चाचपलं. "गुळगुळीत आहेस ग बाई," ती म्हणाली. तेवढ्यावर मी तिची झाले.

हळूहळू मला कळलं, की ही बाई हाताने आणि पायाने बघते. लसूण वासाने शोधते, पेला बोट बुडवून भरते. नवी जागा आली की आधी पाऊल पुढे सरकवते, मग अंग. तिची नजर चालली होती. शेजारची झुल्मीरा तिला एव्होराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. उरलीय तेवढी टिकवू, गेलेली परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. हे झुल्मीराला ठाऊक होतं आणि आता मला. ओडेतेला कळता कामा नव्हतं. कळलं असतं, तर शनिवारी गाडीत माझ्याऐवजी आईच बसली असती.

मी मनात म्हणायचे, कळू नकोच देऊ. माझ्या बहिणी येतील, इथे पसरतील, तू त्यांच्यावरून अनवाणी फिरशील. मी परत पिशवीत जाईन खरी, पण तुझ्या कोथिंबिरीच्या वासाची स्वप्नं बघत पडून राहीन.

आमच्याकडे गावजत्रेच्या आधी घराला चुना द्यायचा असतो. भिंती पांढऱ्याशुभ्र आणि बाहेरून जमिनीलगत निळा पट्टा. हे बायकांचं काम, आणि जिच्या घराला चुना लागला नाही तिच्याबद्दल गावभर कुजबुज. एर्मीनिया ते ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. बुधवारी तिने डोक्याला फडकं बांधलं आणि चुना कालवला. बाहेरचं उरकून ती आत आली. कुंचला भिंतीवरून सळसळत खाली येऊ लागला, ती स्वतःशीच काहीतरी गात होती. मी चुलीशेजारी टेकलेली. कुंचला जवळ आला. मला वाटलं, थांबेल. तो थांबला नाही. थंडगार चुना माझ्या अंगावरून गेला, मग परत गेला, नीट, कोपऱ्याकोपऱ्यात. ओरडायला तोंड असतं तर मी ओरडले असते. तिने कुंचला धुतला, खुर्ची ओढली आणि समाधानाने भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिच्यासमोरच होते.

शनिवारी ओडेते आली. झुल्मीरा टेबलाशी शेंगा सोलत होती.

"आई, फरशी कुठे ठेवलीस?"

"तू ठेवलीस तिथेच. मी हातसुद्धा लावला नाही."

ओडेते चुलीपाशी वाकली. नखाने माझ्यावरचा चुना खरवडला. मग हळूच विचारलं, "आई, ही तू रंगवलीस?"

"होतं ग असं कधीकधी," झुल्मीराने घाईघाईने तोंड घातलं. "माझ्या नवऱ्याची टोपी गेली होती एकदा चुन्यात. त्याने तशीच घातली, लग्नात!"

"झुल्मीरामावशी, ही समोर होती. तिच्या गुडघ्याशी." ओडेते आईकडे वळली. "कधीपासून दिसत नाही तुला?"

एर्मीनियाने टेबलावरची एक शेंग चाचपून उचलली. मग म्हणाली, "दुधातून बघितल्यासारखं दिसतं. गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर उचलून नेलं असतंस."

"नेणारच! आजच नेते. बांध कपडे."

"तुझ्या घरी सगळं पांढरं आहे ओडेते. भिंत पांढरी, दार पांढरं, न्हाणीघर तर विचारूच नकोस. नाताळात आले होते तेव्हा मी दिवसदिवस त्या सोफ्यावरून उठले नव्हते. तुला वाटलं, आई आराम करतेय. अगं, मला दार सापडत नव्हतं."

ओडेते चुलीपाशीच खाली बसली. मला तिची फार दया आली.

"मग इथे कशी वावरतेस तू?"

"रस्त्यावरून येताना मला घर दिसतच नाही. खालचा निळा पट्टा दिसतो. त्याच्या कडेने चालायचं. पट्टा तुटला की दार."

ओडेते उठून बाहेर गेली. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली असावी. आत आली ती डोळे पुसत. तिने मला उचललं, धुतलं, कपाटाच्या पायाशी ठेवलं. मागे सरली, डोळे किलकिले केले, आणखी किलकिले केले. आणि मी नाहीशी झाले. कपाट कुठे संपतं, जमीन कुठे सुरू होते, काही कळेना. जन्मभर ज्याची वाट बघितली ते जुळणं हेच होतं, आणि त्यात एर्मीनिया पडली असती. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही नको," ओडेते म्हणाली. "मी चुकत होते आई."

भाजलेल्या विटेच्या रंगाची गडद लाल फरशी आली. लिबेरातू गवंड्याने ती बसवली. लाल जमिनीवर पांढरी भिंत उठून उभी राहिली, कपाटांना पाय फुटले. ओडेतेने सुस्कारा टाकला, "कपाटांशी अजिबात जुळत नाही."

"नाही ना? मग झकास!" एर्मीनिया म्हणाली आणि भिंतीला हात न लावता चुलीपासून टेबलापर्यंत चालत गेली. मग अंगणाच्या दाराशी गेली आणि थबकली. पायरीही लालच होती. तिचा पाय हवेत चाचपडू लागला.

"इथे हरवलं सगळं," ती म्हणाली. "ती पांढरी कुठाय?"

मी एका कोपऱ्यात पडून होते. धुतलं तरी चुना माझ्या अंगात मुरलाच होता, आता मला नमुना म्हणून कुणी दाखवणार नव्हतं.

"मावशी, ती एकटी विचित्र दिसेल," लिबेरातू कुरकुरला. "लोक म्हणतील, याला फरशी पुरली नाही. माझं नाव जाईल."

"तुझं नाव जाऊ दे रे, माझा पाय वाचू दे!"

त्याने मला चिरलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. माझ्या पट्ट्या केल्या आणि टोकाला टोक लावून पायरीच्या काठावर बसवल्या. एर्मीनियाने अनवाणी पाऊल माझ्यावर ठेवलं, क्षणभर तसंच राहू दिलं आणि सहज अंगणात उतरली. ओडेते लिस्बनला गेली, एकटीच.

आता मी इथेच असते. येणारे हसतात, "ही पांढरी पट्टी कशाला?" म्हणून विचारतात. हसू देत. तुम्ही कधी फरशी घ्यायला गेलात, तर ओट्याला आणि कपाटाला विचारा, माझी हरकत नाही. पण त्या घरात कुणाचे पाय चालतात, त्या पायांना आधी विचारा.

बरं, आता जरा दारातून बाजूला व्हा, उजेड अडतोय. एर्मीनिया आसोर्दाचं, म्हणजे पाव-लसणाच्या सुपाचं, गरम भांडं घेऊन अंगणात निघालीय, आणि तिला मी दिसले पाहिजे.